मॅडमची हाक

डॉ. ज्ञानेश्वरी मढवी यांना आवाज देताना देवाने हात आखडता घेतला नव्हता. खाडीकाठच्या त्या विद्यापीठात क्रीडादिनाला माईक बंद पडला, तर वायरमनला कुणी शोधत नसे, मॅडमना पुढे करत. त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या तेव्हा शेजारच्या वर्गातली इतिहासाची पोरंसुद्धा पानाच्या शिरा पाठ करून बसली होती, असं अजून सांगतात. आता त्या विद्यार्थिनी कल्याण विभागाच्या प्रमुख होत्या, आणि त्यांचं सगळं कल्याण एका शब्दात मावत होतं. तो शब्द म्हणजे ‘अगं’.

‘अगं ए’ असं कॉरिडॉरच्या टोकाकडून आलं की मुलींच्या हातातला वडापाव बॅगेत जाई आणि कानातले इयरफोन ओढणीखाली. पुढे काय येणार ते ठरलेलं असे. अगं, एवढा महागाचा मोबाईल हातात नाचवत कशाला चाललीस? अगं, बॅग रस्त्याच्या बाजूच्या खांद्याला का? अगं, एकटी कशाला गेलीस? मॅडम मनाने वाईट नव्हत्या. मुलींची काळजी त्यांना खरोखरच वाटायची, फक्त ती काळजी घराबाहेर पडताना रागाचे कपडे घालून पडायची.

गेल्या पावसाळ्यात मागच्या गेटबाहेरच्या रस्त्यावर मोबाईल खेचायचे प्रकार सुरू झाले. एका बाजूला विद्यापीठाची भिंत, दुसऱ्या बाजूला पावसाचं पाणी साठवणारा धारण तलाव आणि कांदळवन, मधून रिक्षा स्टँडकडे जाणारा लांबलचक रस्ता. बाईकवरून दोघं यायचे, मागचा हात घालायचा आणि गाडी दिसेनाशी व्हायची. मॅडमनी लगेच समिती बसवली आणि समिती उठायच्या आत नियम काढला. मुलींची अभ्यासिका संध्याकाळी सहाला बंद. सहानंतर जी आवारात किंवा त्या रस्त्यावर दिसेल, तिच्या घरी फोन जाणार. मुलांची अभ्यासिका नऊपर्यंत चालू राहिली, कारण मुलांना कोण लुटणार, असं समितीचं मत पडलं. पहिला मोबाईल सौरभ नावाच्या चांगल्या दांडग्या मुलाचा गेला होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

एम.एस्सी.ची दीक्षा गमरे दोनदा विनंती करायला आली. कोपरखैरण्यात दोन खोल्यांचं घर, वडील तुर्भ्याच्या कंपनीत पाळीवर, दिवसा झोपलेले, संध्याकाळी धाकट्या भावाचा टीव्ही. “मॅडम, घरी अभ्यास होत नाय हो,” ती म्हणाली. मॅडमनी तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि जीव महत्त्वाचा की मार्क, असा प्रश्न विचारला. असल्या प्रश्नाला कुणी काय उत्तर देणार? दीक्षा पाणी पिऊन गेली.

नियम मात्र लागू पडला. ऑगस्टमध्ये तक्रार नाही, सप्टेंबरमध्ये नाही, दिवाळी आली नि गेली तरी नाही. शून्य. मॅडमनी हे शून्य असं जपलं की बाकीच्यांना पहिला नंबरसुद्धा तितका जपता येत नाही. आणि जपल्याचं फळ मिळालं. विद्यापीठांच्या कुठल्याशा मंडळाने त्यांना ‘सुरक्षित परिसर’ पुरस्कार जाहीर केला. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, आणि ते घ्यायला व्यासपीठावर स्वतः मॅडम.

इथे थोडं थांबून त्या शालीचं सांगायला हवं, नाहीतर मॅडमवर अन्याय होईल. मिठागरात राबलेल्या घराची ही सून. लग्नानंतर शिकली, दोन मुलं सांभाळून पीएच.डी. केली. पंचवीसेक वर्षांच्या नोकरीत तिने दुसऱ्यांच्या खांद्यावर घातलेल्या शाली मोजल्या तर दुकान निघेल. पाहुणे यायचे, भाषणं करायचे, शाल घेऊन जायचे, आणि घडी सोडून द्यायला बाजूला उभ्या मढवी मॅडम. स्वतःच्या खांद्यावर एकदा तरी ती पडावी, असं त्यांना फार वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. पण समारंभासाठी मोरपंखी साडी इस्त्रीला टाकताना ती गडद शालीबरोबर दिसेल का, फिकट शालीबरोबर दिसेल का, याचा विचार त्यांनी दोन दिवस केला होता.

पुरस्काराला शोभा यावी म्हणून मॅडमनी आठवड्याभरापूर्वी स्वसंरक्षणाचं शिबिरही उरकलं. राजवर्धन नावाचे तरुण प्रशिक्षक आले होते, दंड असे की शर्टाची दया यावी. मनगट कसं सोडवायचं, कोपर कुठे मारायचं, सगळं त्यांनी दाखवलं आणि शेवटी म्हणाले, “एक गोष्ट डोक्यात फिट करा. संकट आलं तर चोर-चोर ओरडू नका. चोर म्हटलं की लोक दारं लावून घेतात. आग म्हणून ओरडा. आग म्हटलं की दारं उघडतात, कारण प्रत्येकाला आपलं घर वाचवायचं असतं.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या मॅडमनी तर मान डोलावून शेजारणीला सांगितलं की माणूस मुद्द्याचं बोलतो.

समारंभाच्या आदल्या दिवशी भाषण लिहिता लिहिता मॅडमना उशीर झाला. नवरा रोज स्कूटरवर न्यायला यायचा, पण स्कूटर गॅरेजात होती. पुढच्या गेटला रिक्षा मिळेना. मागच्या गेटने स्टँड जवळ. मॅडम निघाल्या. सहा केव्हाच वाजून गेले होते, तलावावर अंधार उतरत होता, पण नियम मुलींना होता आणि मॅडमनी मुलगी असणं सोडून जमाना झाला होता.

अर्ध्या वाटेवर पुढे चायनीज भेळेची गाडी दिसली आणि तिच्याभोवती चार-पाच मुली. त्यातली पिवळी सॅक दीक्षाची, हे मॅडमनी लांबूनच ओळखलं. सापडल्या, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर आनंदच झाला. गळ्यात ‘अगं’ तयार झाला, त्यांनी श्वास भरून घेतला, तेवढ्यात मागून बाईक आली. खांद्याला एक जोराचा हिसका बसला. मॅडम गुडघ्यांवर आपटल्या, आणि पर्स बाईकबरोबर गेली. पर्समध्ये फोन, चाव्या, चष्मा आणि शून्यावरचं भाषण.

माणूस पडला की डोकं रिकामं होतं म्हणतात. मॅडमच्या डोक्यात मात्र राजवर्धन सर लख्ख उभे राहिले. भरून घेतलेला श्वास होताच. खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, “आग! आग! आग!”

आणि भेळेच्या गाडीजवळच्या मुली पळाल्या. मागे वळून न बघता, प्लेटी टाकून, स्टँडच्या दिशेने ज्या पळाल्या त्या दिसेनाशा झाल्या. भेळवाला तेवढा शब्दाला जागला. त्याने झटकन गॅस बंद केला, पाण्याची बादली उचलून कढईसकट आपल्याच शेगडीवर ओतली, आणि मग आग कुठे आहे ते बघत उभा राहिला.

मॅडम आपल्या आपण उठल्या. चपलेचा अंगठा तुटला होता. रिक्षावाल्याला घरी पोचल्यावर पैसे देते म्हणून सांगावं लागलं, आणि सगळी वाट गुडघ्याच्या जोडीला एकच गोष्ट ठणकत राहिली. पर्स गेली त्याचं एवढं नाही. मुली पळाल्या. मी रस्त्यावर पडून ओरडत होते, आणि माझ्या मुली पळाल्या.

दार सासऱ्यांनी उघडलं. आप्पा जुने मिठागरातले, वय झालं तरी कान शाबूत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पन एकली कनाला गेलतीस गो तिथून?”

नवऱ्याचं नाव हरिश्चंद्र, आणि नावाला जागून खरं तेच बोलायची त्याला खोड. तो म्हणाला, “मागच्या रस्त्याने कोणी जातं का या वेळेला? आणि पर्स कुठल्या खांद्याला होती? रस्त्याच्या बाजूच्या ना? बघ. तूच सांगत असतेस सगळ्यांना.”

मॅडमनी मोरीत जाऊन गुडघे धुतले, हळद दाबली. चोरी आपण केली आणि पकडलो गेलो, असं त्यांना वाटायला लागलं होतं. बाहेरून हरिश्चंद्रने विचारलं, “उद्या शाल आहे ना तुझी? मग आताच पोलिसात कशाला जातेस. कार्यक्रम होऊ दे, मग बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

शालीचं याला कसं कळलं, याचं मॅडमना नवल वाटलं. आणि मूठ झाकायची, हे त्यांनी मुकाट्याने कबूल केलं. एक दिवसाचा तर प्रश्न. शून्य उद्या दुपारपर्यंत शून्य राहिलं की झालं.

पण राग काही मुठीत राहीना. दुसऱ्या दिवशी मोरपंखी साडी नेसून, किंचित लंगडत मॅडम आल्या. कुणी विचारलं तर पाय मुरगळला म्हणून सांगितलं. हॉलमध्ये खुर्च्या लागत होत्या, पाहुणे यायला अवकाश होता. मॅडमनी शिपायाला पाठवून दीक्षा गमरेला बोलावलं, काल संध्याकाळी बरोबर होत्या त्या सगळ्यांना घेऊन ये म्हणून. पर्सबद्दल चकार शब्द काढायचा नाही, फक्त एकदा यांना फैलावर घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मुली आल्या आणि भिंतीला लागून ओळीने उभ्या राहिल्या. दीक्षा, तिची मैत्रीण बतूल मुकादम, सोनल, आणखी दोघी. बतूल मूळची श्रीवर्धनकडची, करंजाड्याला मामूकडे राहून शिकत होती. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“काल,” मॅडम म्हणाल्या, “भेळेच्या गाडीवर कोण कोण होतं?”

“मॅडम, फक्त भेळच खाल्ली,” सोनल घाईने म्हणाली. “अर्धीच. अर्धी तिथंच राहिली.”

“मी भेळेचं विचारत नाही. पळालात कशाला?”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना अवघड वाटला नाही, पण उत्तर द्यायचं कुणी? शेवटी दीक्षा म्हणाली, “मॅडम, खरं सांगू? तुमी हाक मारली म्हणून पळालो.”

“हाक? मी कधी हाक मारली?”

“तीनदा मारली. अगं, अगं, अगं. एवढ्या मोठ्यानं. आमी म्हटलं, संपलं, आता घरी फोन.”

“अगं नव्हे गं,” मॅडम म्हणाल्या, “आग. आग म्हणून ओरडत होते मी.”

टोकाच्या मुलीच्या नाकातून एक बारीक आवाज निघाला, तो तिने खोकल्यात बसवायचा प्रयत्न केला, पण तोवर सोनल ओढणीत तोंड खुपसून हलायला लागली होती. आणि मॅडमना स्वतःलाच काल संध्याकाळचा आपला आवाज ऐकू आला. आयुष्यभर ज्या सुरात अगं म्हटलं, त्याच सुरात आग म्हटली होती. मुलींची काय चूक? त्यांच्या जागी त्या असत्या तर त्याही पळाल्या असत्या, साडी सावरत. मॅडमना हसू आलं. ते त्यांच्या आवाजाच्या मापाचं आलं, आणि बाहेरचा शिपाई दारातून डोकावून गेला.

“पण मॅडम,” दीक्षाने हसता हसता विचारलं, “आग कुठं लागलेली?”

झाकली मूठ म्हणे. मॅडमनी मुलींकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसल्या. “आग नव्हती,” त्या म्हणाल्या. “माझी पर्स खेचली. बाईकवरच्या दोघांनी.”

हसू थांबलं. दीक्षा काहीतरी बोलणार होती, पण तिच्याआधी बतूल बोलली. “मॅडम, काळी बाईक ना? मागच्याच्या हातात कडं होतं?”

“होतं. तुला काय माहीत?”

दीक्षाने बतूलला कोपराने हळूच ढोसलं. “माझा मोबाईल त्यांनीच नेला,” बतूल म्हणाली. “दिवाळीच्या आधी. भर दुपारी, मॅडम. सहाचा काय संबंध नव्हता.”

दिवाळीच्या आधी. मॅडमनी मनात ऑक्टोबरचं पान उघडलं. तिथे मोठं, गोल, देखणं शून्य बसलेलं होतं. “मग तू सांगितलं का नाहीस?”

“घरी सांगितलं, रिक्षात विसरले. मामूला कळलं असतं तर कॉलेजच बंद. आणि इथं सांगितलं असतं तर...” ती थांबली.

“तर काय?”

बतूलने दीक्षाकडे पाहिलं. दीक्षाने जमिनीकडे.

मॅडमचं तोंड उघडलं होतं. प्रश्न जिभेवर येऊन बसला होता, नेहमीचा, तयार, पंचवीस वर्षांच्या सवयीचा. अगं, पण एकटी कशाला गेलीस? आणि तो बाहेर पडायच्या आत त्यांना काल रात्रीची मोरी आठवली, हळद आठवली, दोन पुरुषांनी काळजीपोटीच विचारलेले सगळे प्रश्न आठवले. घरात दोघांनाही त्यांच्यावर माया होती. गुडघ्यांचं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मॅडमनी तोंड मिटलं आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात विचारलं, “लागलं होतं का तुला?”

बतूलकडे बाकी सगळ्यांची उत्तरं होती. किती वाजता, कुठून येत होतीस, बरोबर कोण होतं, फोन हातात का होता, सगळी तिने महिनाभर घोकून ठेवली असणार. या प्रश्नाचं उत्तर तिने तयार केलं नव्हतं. तिने बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत खरचटल्याचा लांब डाग होता, अजून पुरता गेला नव्हता. “फरपटले थोडी,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मॅडम उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि तो हात हातात घेऊन बघत राहिल्या. त्यांना फार लाज वाटली. या हातावर आपण शाल पांघरून घेणार होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते खरंच होतं.

“मॅडम,” सोनल मागून म्हणाली, “माझी पण चेन गेली. खोटी होती, म्हणून मी काय बोलले नाय.”

“खोटी असली तरी मान खरी होती ना,” मॅडम म्हणाल्या. “बस इथे.”

मग दीक्षाने होस्टेलच्या क्रांतीचंही असंच गेल्याचं सांगितलं, आणि क्रांतीला विचारलं असतं तर तिने आणखी कुणाचं सांगितलं असतं. इतके दिवस अळीमिळी गुपचिळी चाललेली होती, आणि अख्ख्या विद्यापीठात ती एकट्या कल्याण विभागाच्या प्रमुखांना माहीत नव्हती. मुली खुर्च्यांवर बसल्या, एकीने टेबलावरचा पेढ्यांचा बॉक्ससुद्धा उघडला. तो पाहुण्यांसाठी होता.

“मॅडम,” दीक्षाने पेढा तोंडात असतानाच विचारलं, “मग त्या सहाच्या नियमाचं काय?”

“ते नंतर बघू.”

“नंतर म्हणजे सहाच्या आधी, का सहाच्या नंतर?”

मॅडमनी तिच्याकडे डोळे वटारले. पण वटारलेले डोळेही आज धड बसेनात. “नऊपर्यंत उघडी ठेवते,” त्या म्हणाल्या. “आणि मीही बसेन. वाचायचं माझंही राहिलंय.”

तेवढ्यात शिपाई आला. “मॅडम, पाहुणे आले. कुलगुरू साहेब पन बसले. शाल-बिल सगळं तयार हाय, तुमालाच बोलवतायत.”

हॉल कॉरिडॉरच्या टोकाला होता. तिथून माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं, आणि आज माईक अगदी व्यवस्थित चालत होता. मॅडमनी एकदा त्या बाजूला पाहिलं. शाल गडद असेल की फिकट, हा प्रश्न उगाचच मनात आला, आणि आल्याबरोबर थोडं दुखलंही. खोटं कशाला बोला, हवी होती त्यांना ती.

त्यांनी मोरपंखी पदर कमरेला खोचला. “बतूल, सोनल, चला. दीक्षा, तू क्रांतीला फोन करून गेटवर बोलव,” त्या म्हणाल्या आणि शिपायाकडे वळल्या. “साहेबांना सांग, पुरस्कार परत पाठवा. इथे शून्य नाही. मॅडम पोलीस स्टेशनला गेल्या, स्वतःची तक्रार द्यायला.”

शिपाई गोंधळला. “एकट्याच?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “मुली येतायत माझ्याबरोबर.”